भिंतीतल्या आईला दहीभात

आमची आई वारली आणि त्याच सालच्या पावसाळ्यात भिंतीतून परत आली.

हे मी चेष्टेनं सांगत नाही. मी शिकलो चौथीपर्यंत, मग फौजेत ट्रक चालवला, आणि पुढं साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो. गोष्ट रचायला जी अक्कल लागते ती मला नाही. ही गोष्ट खरं तर माझी मंडळी सांगायची. लोक पोट धरून हसायचे आणि मी चुलीपाशी तोंड लपवायचो. ती गेल्या मार्गशीर्षात गेली. आता मलाच सांगावी लागतेय, आणि तोंड लपवायला चूलही राहिली नाही. (गॅस आहे.)

आमचं घर किल्ल्याच्या पायथ्याला, तीन खोल्यांचं, कौलारू. पुढं एक खोली, मागं चूल, आणि मधली खोली आईची. मधल्या खोलीच्या भिंतीपलीकडं न्हाणी. खोलीला एकच झरोका, आणि त्यात आईनं स्वतः गोणपाट कोंबलेलं, कारण तिला वाऱ्याचं वावडं. आई वारली उन्हाळ्यात. थोरली बहीण, आक्का, पलीकडच्या आळीतच दिलेली. तिनं तेराव्यालाच हुकूम सोडला की वर्षश्राद्ध होईतोवर आईच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. वाकळा, गाठोडी, ट्रंका, सगळं जिथल्या तिथं. मी म्हटलं, गोणपाट तरी काढू का? तर म्हणाली, तिच्या हातचं हाय ते. लोक आईच्या हातची भाकरी आठवतात, आम्ही गोणपाट जपलं.

मंडळीचं नाव अनसूया. माहेर कवठे महांकाळ. तिकडं पाऊस म्हणजे पाव्हणा, आला तर आला, चहा पिऊन गेला. आमच्या साताऱ्यात पाऊस म्हणजे भाडेकरू, चार महिने हलत नाही. त्यातून मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षंच झालेली, आणि त्या साली पाऊस असा बसला की दगडालाही कोंब फुटावेत. पुढची खोली गळायला लागली, म्हणून आम्ही अंथरुणं मधल्या खोलीत टाकली, आईच्या ट्रंकांना पाय लागणार नाही अशी. माझी गेटवर रातपाळी, दिवसा मी चुलीपाशी पडायचो, त्यामुळं तिथं निजायची ती हीच.

पहिल्यांदा वास आला. भिजलेली गोधडी खुंटीवर विसरून महिन्यानं काढावी, तसा वास. ही म्हणाली, हितं कायतरी कुजलंय. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची खोली, वास येणारच. (हे मी आईच्या ट्रंकेपुढं उभं राहून म्हटलं. मला वाटतं, तिनं ऐकलं असावं.)

मग हिला खोकला लागला. कोरडा, सुकं खोबरं किसल्यासारखा. डोळे लाल, सारखं पाणी. आळीत बातमी पसरली की सून असावी तर अशी, दोन महिने झाले, अजून सासूसाठी रडतीय. आयाबाया आपापल्या सुनांना घेऊन यायला लागल्या, दाखवायला. ही पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "मी रडत न्हाई हो. डोळं चुणचुणत्यात."

मी म्हटलं, ते लोकांना सांगू नकोस, चांगलं नाव झालंय.

आणि मग एका संध्याकाळी, बाहेर पावसाची झड, घरात कंदील, ही आईच्या ट्रंकेवरच्या भिंतीकडं बघत नुसती उभी. मी विचारलं, काय झालं? तिनं बोट दाखवलं. भिंतीवर काळा डाग. बंद्या रुपयाएवढा. मी म्हटलं, ओल हाय. दोन दिवसांनी तो ताटलीएवढा झाला. आठवडा गेला आणि त्याला नाक फुटलं.

साधं नाक नव्हे. मधे बाक, टोकाला बटाटा. सबंध सातारा जिल्ह्यात असं नाक एकाच बाईला होतं आणि तिचं तेरावं मी घातलं होतं.

अवसेला आक्का आली. मी तिला काही बोललो नव्हतो. ती खोलीत गेली, कंदील वर केला, आणि गपकन खाली बसली. तिच्या तोंडून एवढंच आलं, "आई, कवा आलीस गं?"

आता मी फौजी माणूस. भुताबितावर माझा विश्वास नव्हता. पण बहीण भिंतीला ख्यालीखुशाली विचारतेय, मागं बायको खोकतेय, आणि भिंतीवरचं नाक आपल्याकडं वळलेलं दिसतंय, अशा वेळी विश्वास विचारून येत नाही. मी हात जोडले.

आक्का कुणा देवरुषाकडं जाऊन आली. त्यानं सांगितलं, म्हातारी तहानलीय. रोज सकाळी भिंतीवर दूधपाणी शिंपडा. पायाशी दहीभात ठेवा. खोली बंद ठेवा, उजेड दाखवू नका, वारं लागू देऊ नका. आणि निवद शिळा झाला तरी तिनं सोडल्याबिगर उचलू नका.

मी नेमानं केलं. जिती होती तेव्हा आईला सकाळचा चहा मी कधी दिला नव्हता, पण आता रोज आंघोळ करून, ओलेत्यानं, तांब्याभर दूधपाणी भिंतीवर. आणि आई लागली भरायला. आधी नाकाला कपाळ आलं. मग अंबाडा. मग खांदे. आक्का रोज येऊन बघायची आणि समाधानानं म्हणायची की अंगावर मांस धरतीय. दहीभातालाही मिशा आल्या, करड्या, मांजराच्या पाठीसारख्या मऊ. आक्का म्हणाली, निवद पोचला.

हसू नका. तुम्ही त्या खोलीत नव्हता. दिवसाढवळ्या दार लोटलं तरी आत शिरताना मानेवरचे केस उभे राहायचे. भिंत बघावी तेव्हा थोडी जवळ आल्यासारखी. घरात कोणी बोलत नसलं की मधल्या खोलीतून आवाज यायचा, टप्, मग थांबून, टप्. आई चालायची तशीच, एक पाय ओढून. मी दार उघडून बघायचो. कोणी नाही. खाली जमिनीवर मात्र ओलं पाऊल. डावं. आईचा डावाच पाय दुखायचा.

एकदा दुपारी मी धीर करून आत जाऊन बसलो, म्हटलं विचारावं, बाई गं, काय राहिलंय तुझं? चिलीमभर वेळ बसलो असेन. छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. नाक चोंदलं, डोकं जड, श्वास अर्धाच यायला लागला. आई अंगानं भारी होती. मला काही शंकाच उरली नाही.

हिची मात्र गत वाईट होत गेली. दोन घागरी आणताना मधे तीनदा टेकायची. पडलं की छातीत मांजर गुरगुरायचं, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायची, त्याच भिंतीला. अंगातली चोळी ढिली झाली. डॉक्टरचं काळं औषध झालं, आक्काचा अंगारा झाला. मी बघायचो आणि मला वाटायचं, आई हिला घेऊन जाणार. दोघींचं कधी पटलं नव्हतं. आणि मी काय करायचो? सकाळी उठून आईला अजून दूध पाजायचो, म्हणजे ती खूश होऊन हिला सोडंल.

नागपंचमीला हिचा भाऊ मुराळी आला आणि तिला घेऊन गेला. जाताना तिला एसटीची पायरी चढवेना. भावानं उचलून वर घेतली. ते बघून मी स्टँडवर उभा राहिलो ते गाडी गेल्यावरही उभाच.

पंचमी झाली, पुढचा सोमवार झाला, ही येईना. मी रजा टाकून सांगलीमार्गे कवठे महांकाळला गेलो. बघतो तर काय, ही खळ्याच्या कडेला डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चाललीय आणि वर मोठ्यानं भावजयीशी भांडतेय. भांडताना एकदाही खोकली नाही! मला इतका आनंद झाला की मी तिथंच खाली बसलो.

सासरा खुंटाला बैल बांधत होता. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला, आणि मग बैलाकडं बघत बोलले.

"पाव्हणं, पोरगी आली तवा मढं हुतं. हितं दोन दिसांत उठून बसली. दवा न्हाई, दारू न्हाई."

"हवा मानवली, मामा."

"मग तुमच्याकडं हवा न्हाई का? पोरीत खोट न्हाई. तुमच्या घरात हाय. त्ये काय हाय ते आदी बघा, मग न्यायला या."

मी हिच्याकडं बघितलं. ती पेंढी टाकून आली. डोळे स्वच्छ. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांतलं पांढरं मला पांढरं दिसलं. म्हणाली, "मला यायचंच हाय. पर त्या घरात एक तर आत्याबाई ऱ्हातील, न्हाई तर मी. दोघींतलं कोन ते ठरवा आन् मग कळवा."

आई की बायको हे कोडं प्रत्येक गड्याला पडतं. पण ते आई मेल्यावर पडलेला माणूस मीच. परतीच्या एसटीत तासगावपर्यंत विचार केला. पुढं झोप लागली.

घरी आलो, कुलूप काढलं, तर वासानं मला दारातच ढकललं. मालकीण नाही म्हटल्यावर आई सगळ्या भिंतीवर पसरली होती. पदर पार कोपऱ्यापर्यंत.

आता आला पंधरा ऑगस्ट. झेंड्याला आम्ही माजी सैनिक पट्टे-बूट घालून जायचो. माझे परेडचे बूट माझ्या लोखंडी ट्रंकेत, आणि माझी ट्रंक आईच्या दोन ट्रंकांच्या खाली. म्हणजे आईच्या वस्तूला हात लावणं आलं. मी भिंतीपुढं उभा राहिलो, चपला काढल्या, आणि परवानगी मागितली. टप्, असा आवाज झाला. मी तो होकार धरला.

वरच्या दोन ट्रंका उतरवल्या, माझी उघडली, बूट बाहेर काढले. आणि माझ्या हातात बूट नव्हते. दोन हिरवी लोकरीची पिल्लं होती. वर पांढरे केस, कडेनं काळे ठिपके. पट्ट्यालाही तेच. आणि वास, तोच.

आईचा बुटात शिरायचा काय संबंध? आणि मग मला आमचा आसामातला हवालदार ऐकू आला, अगदी कानात. तिकडच्या बराकीत पावसाळ्यात प्रत्येक बुटाला, प्रत्येक पट्ट्याला हे असं यायचं. हवालदार बूट नाकासमोर धरायचा आणि म्हणायचा, "बूट में जंगल उगाया है?" आणि पाठीवर बोजा देऊन मैदानाला पळवायचा. बुरशी! बंद बराकीत ती पोरांच्या छातीत बसायची, एकाला तर इस्पितळात ठेवावं लागलं होतं. डॉक्टरनं सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की ही श्वासातून आत जाते, बिछाने उन्हात टाका, खिडक्या उघडा, ओल कुठून येते ते शोधा. सात पावसाळे मी ती पुसत होतो. जिच्यापायी आसामात मी पाठ सोलून घेतली, तिला साताऱ्यात मी दहीभात जेवू घालत होतो!

मला असा राग आला की मी केरसुणी घेऊन भिंतीवर तुटून पडलो.

हे करू नये. सुक्या बुरशीला सुकी केरसुणी कधी मारू नये. काळा धुरळा असा उठला की कंदील दिसेना. घशात गेला, नाकात गेला, डोळ्यांत गेला. मी खोकत, ठेचकाळत, हातात बूट, बाहेर रस्त्यात येऊन पडलो. तोंड काळं, डोळे लाल, आवाज घोगरा. आळीतल्या बायांनी मला बघितलं आणि दारं लावून घेतली. त्यातली एक आतूनच ओरडली, "म्हातारी पोराच्या अंगात आली गं!" घसा इतका बसला होता की मला नाहीसुद्धा म्हणता येईना. घशातून जे बाहेर पडलं ते थेट आईसारखं होतं.

झेंडा राहिला. तासाभरानं श्वास वळणावर आला, तेव्हा मग मी शिस्तीत घेतलं. ओला पंचा तोंडानाकावर बांधला. आधी झरोक्यातलं गोणपाट उपटलं. काय उजेड आला! ट्रंका हलवल्या तर मागं भिंतीला बोट जाईल अशी भेग, आणि भेगेतून पाणी पाझरतंय. पलीकडं न्हाणी. मी फौजी आंघोळ करणारा माणूस, घंगाळभर पाणी अंगावर कमी आणि भिंतीवर जास्त. म्हणजे आईला सकाळी इकडून दूध आणि तिकडून साबणाचं पाणी, दोन्ही मीच पाजत होतो. आणि ते टप्, टप्? भिजलेला गिलावा ट्रंकेच्या पत्र्यावर गळत होता. तिथून पाणी खाली ओघळायचं, तेच पाऊल. (ते डावंच का, हे मला अजून कळलेलं नाही.)

भिंत ओली केली आणि खुरप्यानं गिलावा खरवडायला लागलो. नाकापर्यंत आलो तोच दारात आक्का.

"आईचं नाक कापतुयास?"

मी खुरपं खाली ठेवलं. म्हटलं, "आक्का, ही आई न्हवं. बुरशी हाय. लोणच्याला येती तीच. माझ्या बुटाला बी आलीया. बघ."

आणि बूट तिच्यापुढं धरला. आक्कानं बूट घेतला, उजेडाकडं नेला. उलटा केला, सुलटा केला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "ह्यो तर आबा दिसतुया रं."

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मी खाली बसून हसायला लागलो. आधी आक्का रागानं बघत राहिली, मग तिलाही हसू फुटलं. हसता हसता ती खोकायला लागली. खोकला थांबेना, तसं तिचं तिलाच कळलं. तिनं पदर तोंडाला बांधला आणि म्हणाली, "खुरपं दुसरं हाय का?"

सगळा गिलावा दगडापर्यंत खरवडला. न्हाणीची भेग सिमेंटनं बुजवली. भिंत पुरती सुकू दिली, मग चुन्याचे हात दिले. तांब्यापितळेची भांडी घासून उन्हात ठेवली. गाठोडी आणि वाकळा मात्र आतपर्यंत काळ्या पडलेल्या, त्या वाचणाऱ्या नव्हत्या. त्या आम्ही दोघांनी ओढ्याकाठी जाळल्या. आईला एकदा जाळून झालं होतं, तरी ते दुसऱ्यांदा जड गेलं. आक्का माझ्याकडं बघत नव्हती आणि मी तिच्याकडं.

मग मी कळवलं, बायको ठरवली म्हणून.

हिला घेऊन मामा स्वतः आले. चहासुद्धा न घेता खोलीत गेले, भिंतीला हात लावून बघितला, नाक लावून बघितलं. मग मला विचारलं की काय होतं. मी सांगितलं सगळं, दहीभातासकट. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बुरसा कडबा मी बैलाला घालत न्हाई, पाव्हणं. बैल ढासतो. आन् तुमी पोरीला त्यातच निजवलं व्हय?"

मग आम्ही सगळे, मामा, आक्का आणि मी, मधल्या खोलीत ओळीनं बसलो आणि ही मधे. ती खोकते का बघायला. बाहेर पाऊस. झरोक्यातून वारं. कोणी हालेना. ही एकेकाच्या तोंडाकडं बघत बसलेली. आणि अचानक खोकला आला, पण तो मला. केरसुणीचा उरलेला. ही म्हणाली, "ह्यास्नी ठेवा आता कवठ्याला."

त्या दिवसापासून ती उठली की पहिल्यांदा खिडक्या उघडायची, थंडी असो, पाऊस असो. अंथरुणं उन्हात टाकायची. मी कुरकुरलो की म्हणायची, दहीभात पाहिजे का? पुढं आम्ही नवं घर बांधलं, पोरं झाली, सुना आल्या, आक्का गेली. हिची छाती शेवटपर्यंत ठणठणीत होती. ती गेली ती डोक्यात रक्तस्राव होऊन. खोकली नाही.

आता हा पावसाळा. तिच्या लुगड्यांचं कपाट भिंतीला टेकलेलं आहे. सूनबाई म्हणाल्या, मामंजी, वर्ष होईपर्यंत आईंच्या कपाटाला हात लावायचा नाही. मी बरं म्हटलं. मग चार दिवसांपूर्वी मला वास आला.

घरात कोणी नव्हतं. मी कपाट ओढलं. मागं डाग. ताटलीएवढा, काळा. मला ठाऊक आहे ते काय असतं. माझ्याइतकं ह्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नसेल. तरी मी चष्मा आणला. खुर्ची आणली. बसलो आणि बघत राहिलो. म्हटलं, कुठं तिचं कपाळ दिसतंय का. हनुवटीवरचा खळगा. एक डोळा मिटून बघितलं, मान वाकडी करून बघितलं. दिवा लावून बघितलं, विझवून बघितलं. ती काही दिसेना. ती यायची नाही अशी भिंतीतून, ओलीत. तिला सोसायचं नाही.

उठणार तेवढ्यात नाक दिसलं. मधे बाक, टोकाला बटाटा.

सून वर पोचली म्हटल्यावर सासू खाली आली होती.

मी लुगडी सगळी गच्चीवर उन्हात नेऊन टाकली, सूनबाई काय म्हणायच्या ते म्हणोत. खिडकी उघडली. तोंडाला ओला पंचा बांधला, बादलीत चुना कालवला, खुरपं घेतलं आणि भिंतीपुढं उभा राहिलो. पण खोटं कशाला सांगू, पहिला हात मारायच्या आधी चपला काढल्या.